मुद्देमाल क्रमांक सतरा

मोखोत्लोंगच्या ठाण्यामागे दगडी कोंडवाडा आहे.
जूनमध्ये त्याच्या भिंतींवर बर्फ बसतो
आणि आत चोरीची, हरवलेली, नुसतीच भरकटलेली गुरं
एकमेकांच्या वाफेत उभी असतात.
चारा मी घालते. नोंदी मीच ठेवते.
सार्जंट मात्सेपो, पशुचोरी पथक:
दोन घोडे, बॅटरी उतरलेली एक जीप,
आणि मोजता न येणारे डोंगर.

सतरा नंबर तांबडा बैल आहे, एक शिंग खाली वळलेलं.
सीमेच्या दीड मैल अलीकडे सापडला, पहाटे,
सोबत एक पोरगा, पायात फाटके रबरी बूट.
मांडीवर ताजा डाग, कातडी अजून ओली.
मी केस कातरले, बोटं फिरवली,
खालचा जुना डाग लागला हाताला.
डोळ्यांना तो दिसत नाही.
हे मला प्रशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं,
एका म्हाताऱ्या चोरानं शिकवलं,
जामिनाची वाट बघत बसला होता तेव्हा.

दुपारी न्ताते रापित्सो आले घोड्यावरून,
अंगावर भारी घोंगडं, त्याला चकचकीत पिन.
सरदाराच्या शिक्क्याचा कागद उलगडला:
रंग बरोबर, शिंग बरोबर, कानाचा काप बरोबर.
कागदात खोट नव्हती.
मी दोनदा वाचला. खोट निघावी असं वाटत होतं का मला?
माहीत नाही.

पोराची झडती: काडेपेटी, मिठाचा खडा,
आणि एक काठी, तिला ताणलेली तार,
तारेच्या टोकाला पिसाची चपटी दांडी.
लेसिबा. पंचनाम्यात लिहिलं, वाद्य, एक.
नाव लेतलात्सा. वय सोळा, असेल.
बाकी तोंड शिवल्यासारखं.

बैलानं तीन दिवस चाऱ्याला तोंड लावलं नाही.
मुद्देमाल मेला तर चौकशी माझी.
तिसऱ्या रात्री मी कपाट उघडून ती काठी काढली
आणि गजांतून आत दिली.
नियमात बसत नाही हे.
त्यानं पिसाशी ओठ नेले, श्वास आत ओढला.
गाणं म्हणता येणार नाही त्याला,
उंचावर वारा खिंडीत घसरतो तसं काहीतरी, घशातून.
कोंडवाड्यात सगळ्या माना वर झाल्या.
मग एकाच्याच चघळण्याचा आवाज.

तेव्हा बोलला तो.
वरच्या चराईवर तीन वर्षं राखली त्यांची गुरं.
वर्षाला एक जनावर, असं ठरलेलं.
पहिल्या वर्षी म्हणाले दुष्काळ.
दुसऱ्या वर्षी मुलाच्या लग्नात गुरं द्यावी लागली.
तिसऱ्या वर्षी म्हणाले,
तुझ्याकडे कागद आहे का?

मी दोन्ही जबाब लिहिले, एकाच शाईनं.
सकाळी रापित्सो दोर घेऊन आले.
बैल दाराशी रोवून उभा राहिला.
मी सहज विचारलं, नाव काय याचं?
"बैल," ते म्हणाले.
कोठडीतून आवाज आला: "मापोलो."
कान हलले. पंचनाम्यात कानांसाठी रकाना नाही.
मी दोर परत दिला, म्हटलं,
सुनावणीपर्यंत जनावर सरकारजमा.
ते माझ्या वरिष्ठांकडे गेले. जाऊ देत.

आता गस्तीला चराईवर चढते तेव्हा
आधी गुरं मोजते, कानाचे काप बघते,
मग शेकोटीशी बसून पोराला विचारते,
यातलं तुझं कोणतं? कधीपासून?
आणि तारीख घालून वहीत उतरवते,
खाली त्याचा अंगठा, माझी सही.
सरदार हसतात. हे पोलिसांचं काम नव्हे, म्हणतात.
खोऱ्यातल्या चोऱ्या कमी झाल्या का,
मला अजून सांगता येत नाही.
वहीची एकोणीस पानं भरली आहेत.

सुनावणी सप्टेंबरात.
तोवर सतरा नंबरला पेंढा, मीठ,
आणि संध्याकाळी भिंतीपलीकडून
थोडा वारा.